धातूचीही जात विचारावी

बियाणें घेतांना त्याची जात विचारावी, ही गोष्ट आतां आमच्या शेतकरी बांधवांस शिकविण्याची आवश्यकता उरलेली नाहीं. ऊस लावावयाचा तर को ८६०३२ कीं फुले २६५, याची चर्चा पारावर होते. खताचें पोतें घेतांना त्यावरील नत्र, स्फुरद व पालाश यांचे आंकडे वाचल्यावांचून पैसे मोजणारा बागाईतदार अहिल्यानगर जिल्ह्यांत क्वचितच आढळेल. परंतु हाच चौकस मनुष्य दुधाचा कॅन, पाण्याची टांकी, तुषार सिंचनाचे नळ किंवा ट्रॉलीचा पत्रा घेण्यास निघाला म्हणजे त्याची चौकसबुद्धि घरींच राहते. वस्तु ॲल्युमिनियमची आहे ना, वजन किती, भाव काय, एवढे तीन प्रश्न विचारून तो व्यवहार पुरा करतो. एकटादुकटा शेतकरीच नव्हे, तर शेंकडों सभासदांच्या पैशानें खरेदी करणाऱ्या आपल्या संस्थाही बहुधा याहून अधिक खोलांत शिरत नाहींत. ही पद्धत बदलली पाहिजे, असें आमचें मत आहे. व तें कां, हें सांगण्यासाठींच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाहीं. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत वसलेला आहे. अकोले तालुक्याचा घाटाकडील भाग सोडला तर पावसाचा भरंवसा कोठेंच धरतां येत नाहीं. प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या कालव्यांखालीं ऊस उभा राहिला, आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यानें १९५० सालीं गाळप सुरूं करून त्या उंसाला हक्काचें गिऱ्हाईक दिलें. परंतु पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड यांसारख्या तालुक्यांत, जेथें कालव्याचें पाणी पोंचत नाहीं वा अपुरें पोंचतें, तेथें अवर्षणाच्या वर्षीं पुष्कळांचीं घरें सांवरलीं तीं गाई-म्हशींनीं. दूध हें आठवड्या-दहा दिवसांनीं रोख पैसा देणारें पीक आहे. तें पीक ज्या भांड्यांतून गोठ्यापासून संकलन केंद्रापर्यंत जातें, त्याच्या बुडाला टांचणीएवढें छिद्र पडलें, किंवा त्याचा आंतील पृष्ठभाग खड्डे पडून खडबडीत झाला, म्हणजे होणारा तोटा शेवटीं दूध घालणाऱ्याच्याच पदरांत पडतो. खड्ड्यांत अडकलेला दुधाचा अंश नुसत्या विसळण्यानें निघत नाहीं. त्यांत जंतु वाढतात, आणि धारेचें ताजें दूध केंद्रावर पोंचेपर्यंत नासण्याच्या वाटेला लागतें. दूध थंड करणारीं मोठीं यंत्रें अनेक गांवीं आलीं हें खरें. परंतु गोठा आणि यंत्र यांच्यामधला प्रवास पुष्कळ ठिकाणीं अद्याप किटलींतून व कॅनमधूनच होतो.

ॲल्युमिनियम हा धातु तांबें, पितळ व लोखंड यांच्या मानानें अगदीं अलीकडचा आहे. जमिनीच्या मातींत तो विपुल असला तरी तो मातींतून सोडविण्याची स्वस्त रीत माणसाला १८८६ सालापर्यंत सांपडली नव्हती. त्या वर्षीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोघां तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, विजेच्या साह्यानें हा धातु वेगळा करण्याची कृति शोधून काढली. पुढें बारा वर्षांनीं, १८९८ च्या सुमारास, मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं ॲल्युमिनियमचीं भांडीं घडविण्याचा उद्योग आपल्या देशांत सुरूं केला. आमच्या खेड्यांतील घरांत या भांड्यांस 'जर्मनचीं भांडीं' असें नांव पडलें व तें अजूनही कानीं येतें. आज या धातूचा कच्चा माल आपल्या शेजारींच निघतो. कोल्हापूर जिल्ह्यांत राधानगरी व शाहूवाडीकडील डोंगरमाथ्यांवर बॉक्साईट सांपडतें, आणि त्यापासून ॲल्युमिना करणारा कारखाना बेळगांव येथें आहे. सामान्यतः चार किलो बॉक्साईटपासून दोन किलो ॲल्युमिना व दोन किलो ॲल्युमिनापासून एक किलो धातु मिळतो. आणि त्या एक किलोसाठीं सुमारें १४ युनिट वीज खर्ची पडते. इतकी वीज पिऊन जन्मास आलेली वस्तु दोन-चार वर्षांत भंगारांत जावी, ही कोणत्याही हिशेबानें परवडणारी गोष्ट नव्हे.

परंतु शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतो. अंगठ्यानें दाबल्यास पातळ ताट वांकतें हा घरोघरचा अनुभव आहे. म्हणून कामाच्या वस्तूंसाठीं त्यांत दुसरे धातु थोड्या प्रमाणांत मिसळतात, व अशा मिश्रणास मिश्रधातु म्हणतात. यांतही दोन वर्ग आहेत. बीड आणि घडीव लोखंड यांतील भेद शेतकऱ्यास ठाऊक आहेच: बीड सांच्यांत ओततात व तें आघातानें फुटतें, घडीव लोखंड ठोकतां, वांकवितां येतें. तसेंच ॲल्युमिनियमचे ओतीव व घडीव असे दोन प्रकारचे मिश्रधातु असतात. घडीव मिश्रधातूची लाद तापवून रुळांतून लाटतात व पत्रा करतात, किंवा ती दाबानें सांच्याच्या तोंडांतून पिळून नळ काढतात. या घडीव वर्गांत दूध, पाणी व खारी हवा यांच्याशीं रोजचा संबंध येणाऱ्या कामासाठीं विशेष योग्य ठरलेलें कूळ म्हणजे ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांचें.

मॅग्नेशियम हें नांव वाचकांस परकें नाहीं. शेवगांव-पाथर्डीकडे कपाशीचीं पानें लाल पडूं लागलीं म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी सांगतात, तोच हा मॅग्नेशियम. पानांतील हिरव्या द्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागीं त्याचा एक अणु बसलेला असतो. मूळ धातुरूपांत तो ॲल्युमिनियमहूनही हलका आहे. त्याचे अणु ॲल्युमिनियमच्या अणूंहून कांहींसे मोठे असल्यामुळें ते मध्यें शिरले म्हणजे अणूंच्या नीट लागलेल्या ओळी किंचित् ताणल्या जातात, व एक थर दुसऱ्यावरून सहज घसरूं शकत नाहीं. गुळगुळीत फरशीवर मधून मधून खडे टाकले असतां तीवरून पेटी ओढणें जसें जड जातें, तसाच हा प्रकार आहे. धातु बळकट होतो तो याच कारणानें.

आतां प्रमाणाकडे वळूं. या कुळांतील सर्वांत परिचित जात ५०५२ या क्रमांकानें ओळखली जाते. तिच्यांत मॅग्नेशियम शेंकडा २.२ ते २.८, क्रोमियम शेंकडा ०.१५ ते ०.३५, लोखंड ०.४ पर्यंत, सिलिकॉन ०.२५ पर्यंत, आणि तांबें, मँगेनीज व जस्त हीं प्रत्येकीं ०.१ पेक्षां अधिक नसावींत, असा नियम आहे. बाकी सर्व ॲल्युमिनियम. दुसरी जात ५०८३. तिच्यांत मॅग्नेशियम शेंकडा ४ ते ४.९, मँगेनीज ०.४ ते १ व थोडें क्रोमियम असतें. हिच्यापासून जहाजांचे सांगाडे करतात, आणि अमेरिकेच्या एम-११३ या सैनिक वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीचें कवचही याच जातीचें होतें. भारतीय मानकांत अशा मिश्रधातूंना ५२०००, ५४३०० असे पांच आंकडी क्रमांक आहेत. हे सर्व पाठ करण्याचें कारण नाहीं. एक खूण ध्यानांत ठेवली म्हणजे पुरे: क्रमांक १ ने सुरूं झाला तर धातु जवळजवळ शुद्ध, २ ने झाला तर तांबें मिसळलेला, ३ ने झाला तर मँगेनीजचा, ५ ने झाला तर मॅग्नेशियमचा, ६ ने झाला तर मॅग्नेशियम व सिलिकॉन या दोहोंचा.

या जातिभेदानें बळांत किती फरक पडतो तें पाहावें. व्यापारी शुद्ध ॲल्युमिनियमचा मऊ पत्रा ओढून तोडण्यास दर चौरस मिलिमीटरास सुमारें ९ किलो भार पुरतो. ५०५२ जातीचा पत्रा मऊ अवस्थेंत सुमारें २० किलो सोसतो, व कारखान्यांत थंड स्थितींत लाटून कठीण केला म्हणजे २६ किलोपर्यंत सोसतो. ५०८३ मऊ असतांनाच २९ किलोंच्या घरांत जातो. म्हणजे दिसण्यांत तिळमात्र भेद नसलेल्या दोन पत्र्यांपैकीं एक दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट बळकट असूं शकतो. डोळ्यांनीं पाहून, बोटानें वाजवून किंवा तराजूंत घालून हा भेद कळत नाहीं. कारण वजन सर्वांचें जवळजवळ सारखेंच, म्हणजे पाण्याच्या २.७ पट, असतें. पोलादाचें तें ७.८ पट असतें.

हलकेपणाचा हिशेबही नीट समजून घेण्यासारखा आहे. 'ॲल्युमिनियम पोलादाच्या एक-तृतीयांश वजनाचा' हें वाक्य विक्रेते नेहमीं उच्चारतात. परंतु तो वांकण्यासही पोलादाच्या तिप्पट सोपा असतो, हें ते सांगत नाहींत, आणि ही गोष्ट मॅग्नेशियम मिसळल्यानें बदलत नाहीं. पत्र्याचा ताठपणा हा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. त्यामुळें पोलादी पत्र्याइतका ताठपणा हवा असल्यास ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारें १.४ पट जाड घ्यावा लागतो. आणि इतका जाड घेऊनही वजन निम्मेंच भरतें. चाळीस लिटरचा कॅन दुधानें भरला कीं दूधच ४१ किलो होतें. तो दिवसांतून दोनदां उचलणाऱ्या माणसाच्या कंबरेला ही बचत फार मोलाची आहे. पण याच नियमाची दुसरी बाजू अशी कीं, कारखानदारानें २ मिलिमीटरच्या जागीं १.६ मिलिमीटरचा पत्रा वापरला तर त्याचा माल पांचव्या हिश्शानें वांचतो, आणि तुमच्या कॅनचा ताठपणा मात्र निम्म्यावर येतो. सर्वांत कमी भावाची निविदा मंजूर करणाऱ्या संस्थेच्या पदरीं बहुधा काय पडतें, तें यावरून ध्यानीं येईल.

येथें कोणी म्हणेल, मॅग्नेशियमनें बळ येतें तर अधिक मॅग्नेशियमचीच जात सर्व कामांस घ्यावी. परंतु खताची मात्रा जशी दुप्पट केल्यानें पीक दुप्पट येत नाहीं, उलट कधीं करपतें, तसेंच येथें आहे. मॅग्नेशियम शेंकडा ३ च्या वर गेलें व ती वस्तु ६५ अंश सेल्सियसहून अधिक उष्णतेंत दीर्घ काळ राहिली, तर जादा मॅग्नेशियम धातूच्या कणांच्या सीमांवर वेगळें होऊन बसतें. मग गंज त्या सीमा धरून आंत शिरतो, आणि वरून धड दिसणारा पत्रा तडकतो. दुधाचे कॅन नित्य कढत पाण्यानें व वाफेनें धुतले जातात. म्हणून त्यांस अडीच टक्क्यांच्या आसपासची ५०५२ सारखी जातच योग्य. जहाजाची जात तेथें उपयोगाची नाहीं. उलट उन्हाशिवाय दुसरी उष्णता न लागणाऱ्या ट्रॉलीच्या तळास किंवा जड कामाच्या सांगाड्यास ५०८३ घेण्यास हरकत नाहीं. 'उत्तम धातु कोणता' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'या कामास योग्य जात कोणती' हा खरा प्रश्न होय.

या कुळाचा दुसरा मोठा गुण गंज न धरण्याचा. ॲल्युमिनियमवर हवेनें एक अत्यंत पातळ व घट्ट कवच आपोआप चढतें. ओरखडा पडला तरी तें क्षणांत पुन्हा भरून येतें. मॅग्नेशियमच्या जातींत हें कवच खाऱ्या पाण्यासही चांगलें तोंड देतें, म्हणूनच त्या समुद्रावर चालतात. आपल्या कालव्याखालील भागांत अनेक जमिनी चोपण झाल्या, विहिरींचें पाणी मचूळ झालें. तेथें लोखंडी पत्र्याची टांकी किती वर्षें टिकते हें सांगावयास नको. दुधाच्या दृष्टीनेंही एक लाभ आहे. तांब्याचा अंश दुधांत उतरला तर स्निग्धांश बिघडून दुधास खवट वास येतो. म्हणूनच पितळी भांड्यांस वरचेवर कल्हई लावावी लागे. ॲल्युमिनियममध्यें ती कटकट नाहीं.

परंतु हें कवच कांहीं वैऱ्यांपुढें टिकत नाहीं, आणि ते वैरी शेतकऱ्याच्या घरांतच असतात. पहिला वैरी क्षार. चुना, कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा यांचें कडक पाणी कवच विरघळवितें. आमच्या घरांतून भांडीं राखेनें घासण्याची रीत आहे; लांकडाची ओली राखही क्षारयुक्तच असते, आणि ती कॅनला फांसून तासन् तास ठेवणें घातक आहे. दूधभांड्यांसाठीं सिलिकेटयुक्त सौम्य चूर्णें मिळतात, तीं वापरावींत व लगेच स्वच्छ पाण्यानें विसळून कॅन पालथा घालून सुकवावा. ब्लीचिंग पावडरीचें पाणीही आंत सांचूं देऊं नये. त्यानें खड्डे पडतात. दुसरा वैरी मोरचूद. डाळिंबावरील तेल्यासाठीं किंवा द्राक्षांवरील केवड्यासाठीं बोर्डो मिश्रण करतांना हाताशीं आहे म्हणून जुना कॅन घेणारे पुष्कळ आहेत. मोरचुदांतील तांबें ॲल्युमिनियमवर बसतें, आणि तांब्याचा प्रत्येक कण त्याच्याभोंवतालचा धातु विजेच्या क्रियेनें खात सुटतो. चुना व मोरचूद दोन्ही ज्यांत आहेत असें मिश्रण ॲल्युमिनियमच्या भांड्यांत करणें म्हणजे तें भांडें जाणून बुजून मारणें होय. त्यासाठीं प्लॅस्टिकचें पिंपच घ्यावें. तिसरा वैरी परजातीय धातूचा स्पर्श. ॲल्युमिनियमच्या टांकीला पितळी तोटी थेट बसविली तर ओलाव्यांत तोटी शाबूत राहते व टांकी तिच्याभोंवतीं झिजते. मध्यें रबराची किंवा प्लॅस्टिकची चकती घालावी, एवढा उपाय पुरे.

दुरुस्तीच्या बाबतींत होणारें नुकसान तर याहूनही मोठें आहे. लोखंड तापलें कीं लाल होतें व कारागिरास इशारा देतें. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाहीं. ५०५२ जात ६०७ अंशांवर वितळूं लागते. पण तिच्यावरील कवच दोन हजार अंशांपलीकडे वितळतें. कवच न काढतां ज्योत धरली तर आंतील धातु पाणी होऊन गळून पडतो व छिद्राचें भगदाड होतें. म्हणून आर्गॉन वायूच्या आवरणाखालीं, योग्य सळईनें जोड देणें हीच खरी रीत. सिलिकॉन मिसळलेली सळई सगळीकडे सहज मिळते, पण अधिक मॅग्नेशियमच्या पत्र्यास ती लावल्यास जोड ठिसूळ होतो. त्यास मॅग्नेशियमयुक्त ५३५६ सारखी सळई लागते. वायूच्या ज्योतीनें जोड द्यावाच लागला, तर त्यासाठीं वापरलेली पूड मागाहून गरम पाण्यानें पूर्ण धुवून काढावी, नाहीं तर तीच पुढें जोड खाते. चेपलेला कॅन ठोकून ठोकून सरळ करतांना तो पुढें तडकतो, याचें कारण प्रत्येक घावानें हा धातु अधिक कठीण व ठिसूळ होत जातो. जाणते कारागीर अशा जागीं साबण घांसून तो काळा पडेपर्यंत हलकी ऊब देतात व मग ठोकतात. त्यानें धातु मऊ होऊन चीर टळते, परंतु त्या जागेचें मूळचें कठीणपण जातें हेंही विसरूं नये. आपल्या तालुक्यांतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथें शिकणाऱ्या मुलांस हा एक धडा नीट मिळाला व दूधसंघांनीं आपलें दुरुस्तीचें काम त्यांस दिलें, तर गांवांत एक उपयुक्त धंदा उभा राहील.

आतां प्रतिपक्षाच्या म्हणण्याचाही विचार करूं. कित्येकांचें म्हणणें असें कीं, ही सर्व उठाठेव कशाला, सरसकट स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घ्यावींत. स्टेनलेस स्टील सोडा व चुना यांस भीत नाहीं, घासण्यास सोपें आहे, व एका जागीं राहणाऱ्या टांक्यांस आणि शीतकरण यंत्रास तेंच उत्तम, हें आम्हांस मान्य आहे. परंतु डोक्याखांद्यावर किंवा मोटारसायकलला अडकवून न्यावयाच्या भांड्याला त्याचें वजन जड पडतें. शिवाय त्यांतून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानानें फार सावकाश जाते. ५०५२ जात उष्णता सुमारें आठपट अधिक वाहून नेते. भरलेला कॅन हौदाच्या थंड पाण्यांत ठेवून दूध ढवळलें असतां ही भिंत तरी आड येत नाहीं. दुसरा आक्षेप आरोग्याचा. ॲल्युमिनियमनें स्मृतिभ्रंश होतो अशी भीति लोकांत पसरलेली आहे. पण तसा संबंध सिद्ध झालेला नाहीं. जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीनें २०११ सालीं माणसाच्या पोटांत जाणाऱ्या ॲल्युमिनियमची मर्यादा आठवड्यास शरीराच्या दर किलो वजनामागें २ मिलिग्रॅम अशी सांगितली आहे. ताजें दूध कांहीं तास कॅनमध्यें राहिल्यानें भिण्याचें कारण नाहीं. ताक, दहीं, चिंचेचें सार असे आंबट पदार्थ मात्र त्यांत सांठवूं नयेत. खरी भीति वाटावयाची ती अज्ञात भंगारापासून ओतलेल्या भांड्यांची, कारण अशा भांड्यांत शिसें आढळल्याचे दाखले निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत मिळालेले आहेत. म्हणजे येथेंही मुद्दा फिरून तोच येतो: धातूची जात व कूळ ठाऊक असलें पाहिजे.

इतर देशांत शेतकऱ्याच्या वस्तूसाठीं ही निवड कशी झाली, याचें एक उदाहरण देण्यासारखें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत पोलादाची टंचाई होती. त्या काळांत, १९४८ सालीं, शेतावर चालण्यासाठीं म्हणून लँड रोव्हर नांवाची मोटार निघाली. तिचें बाह्यांग बर्माब्राइट या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचें केलें होतें. टंचाईनें सुचविलेली ही युक्ति टंचाई संपल्यावरही त्या कंपनीनें टाकली नाहीं, कारण चिखलपाण्यांत वर्षानुवर्षें उभ्या राहणाऱ्या गाडीस हा पत्रा मानवला. त्या गाडीच्या पोलादी सांगाड्यास गंज लागे, आणि पत्रा शाबूत राही. नुसता 'ॲल्युमिनियम' न घेतां योग्य जात पारखून घेतल्याचें हें फळ होय.

मग आपण काय करावें? आमची सूचना फार खर्चाची नाहीं. प्रत्येक दूधसंस्थेनें व खरेदी-विक्री संघानें आपल्या निविदेंत 'ॲल्युमिनियमचा कॅन' एवढेंच लिहिणें सोडून द्यावें. मिश्रधातूचा क्रमांक, त्याच्या कठीणपणाची प्रत, आणि बुडाची, भिंतीची व तोंडाच्या कड्याची किमान जाडी हीं स्पष्ट लिहावींत. दुधाच्या ॲल्युमिनियम कॅनसाठीं भारतीय मानक आयएस १८२५ आहे. त्याचा उल्लेख करावा व मानकाचें चिन्ह पाहूनच माल घ्यावा. पत्रा ज्या कारखान्यांत लाटला तेथील घटकांचा दाखला मागावा. माल आल्यावर जाडी मायक्रोमीटरनें मोजावी. हें उपकरण कोणत्याही लेथवाल्याकडे असतें. मोठी खरेदी असेल तर एक कॅन कापून त्याचा तुकडा शहरांतील धातुप्रयोगशाळेकडे पाठवावा. शंभर कॅनमागें एक कॅन गेला तरी तो विम्याचा हप्ता समजावा.

प्रयोगशाळा दूर असेल तर एक ढोबळ परीक्षा जागेवरही करतां येते. पत्र्याची कोर स्वच्छ घांसून तीवर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा एक थेंब कांहीं मिनिटें ठेवावा व नंतर धुवावा. डाग काळा पडला तर त्यांत तांब्यासारख्या जड धातूची भेसळ आहे असें समजावें. मॅग्नेशियमच्या चांगल्या जातीवर तो पांढुरकाच राहतो. या परीक्षेनें शुद्ध ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमची जात यांतील भेद कळत नाहीं, पण भंगारांतून ओढलेला माल मात्र पकडतां येतो. कॉस्टिक कातडी व डोळे जाळतो. हातमोजे व चष्मा घातल्यावांचून हा प्रयोग कोणींही करूं नये.

शेवटची गोष्ट मोडीची. फुटका कॅन, वांकलेले नळ हे फेरीवाल्यास मिसळून देण्याची रीत आहे, व मिसळलेल्या मालास मिसळलेलाच भाव मिळतो. हा धातु पुन्हा वितळविण्यास मूळच्या विजेच्या अवघी शेंकडा ५ च्या आसपास ऊर्जा लागते. म्हणून त्याची मोडही मौल्यवान आहे. एकाच जातीचे जुने कॅन संस्थेनें वेगळे साठवून एकदम विकले, व शक्य तेथें नव्या कॅनच्या किंमतींतच त्यांची वजावट करून घेतली, तर सभासदांचा पैसा सभासदांकडेच राहील.

या जिल्ह्यानें सहकाराचे मोठे कारखाने उभे केले. उंसाच्या वजनकाट्यावर व दुधाच्या फॅटवर आपले शेतकरी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. विकतांना दाखविलेली ही दक्षता विकत घेतांनाही दाखविली पाहिजे. कारण दुधाच्या भावांत मोठ्या कष्टानें मिळविलेला एखादा रुपया, निकृष्ट कॅनच्या बुडांतून कोणाच्या नकळत गळून जातो. येत्या वार्षिक सभेंत आपापल्या संस्थेच्या संचालकांस प्रत्येक सभासदानें एवढेंच विचारावें: गेल्या खरेदींतील कॅनचा मिश्रधातु कोणता, त्याची जाडी किती, आणि त्याचा दाखला कोठें आहे? या तीन प्रश्नांचीं लेखी उत्तरें ज्या संस्थेच्या दप्तरीं मिळतील, तिच्या सभासदांनीं निश्चिंत असावें. जेथें मिळणार नाहींत, तेथें पुढील निविदा निघण्यापूर्वींच सभासदांनीं जागें व्हावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.